दोन ठोक्यांचं उत्तर

कोरडी वीट लावायची नाही, या एका हट्टापायी काकांनी आमच्या प्रयोगशाळेचं कार्पेट पहिल्याच दिवशी भिजवलं. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट होता. त्यात संगणकानं रचलेली बांधकामाची साइट दिसत होती, आणि त्या साइटवर संगणकाच्याच विटांचा ढीग. विटा उचलायला आम्ही त्यांच्या हातात एक कंट्रोलर दिला होता. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला, चाचपडत पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली, आणि फक्त त्यांनाच दिसणाऱ्या त्या ढिगावर सावकाश, फिरवून फिरवून रिकामी केली.

"काका, अरे आ शुं करो छो!" मॅडम ओरडल्या.

"कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते, बेन," ते हेडसेटच्या आतून म्हणाले. "मग भिंत दिसते उभी, पण धरत नाही. तुमच्या पोरांनी विटा झकास केल्यात, फक्त भिजवायच्या राहिल्यात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, कारण काकांना आणलं होतं मी. मी फडकं घेऊन कार्पेट टिपायला बसलो.

मॅडम आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, मी कॉलेजच्या सिव्हिल विभागातला टेक्निशियन. पुढे-मागे बांधकामावर माणसाच्या जोडीला रोबोट येणार. तेव्हा माणूस त्याच्याशी कसा वागेल, कधी बिचकेल, कधी विश्वास टाकेल, हे आधी समजून घ्यायचं होतं. खऱ्या साइटवर तपासायला गेलो आणि कुणाला लागलं तर? म्हणून हा खोट्या साइटचा खटाटोप. खोट्या साइटवर कुणाला लागत नाही, असं आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचो. मीही सांगायचो.

काका बडोद्यात समा भागातल्या आमच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावर, एकटे राहायचे. हाडाचे गवंडी. मूळ खानदेशातले. तरणेपणी इथे कारखान्यांची बांधकामं निघाली तेव्हा आले आणि बडोद्याचेच झाले. मुलगी नंदुरबारला दिलेली. सकाळी फिरायला निघाले की भिंती बघत चालायचे. एखाद्या बंगल्याच्या कुंपणाशी थांबायचे, बोटाच्या पेरानं वीट वाजवायचे आणि मान हलवायचे. एकदा शहरातच अकोटा भागात कुणाच्या तरी नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही बरोबर गेलो होतो. यजमान हौसेनं घर दाखवत होते. काका म्हणाले, "छान आहे. या भिंतीला कपाट लावून टाका." यजमानांना वाटलं, सोयीसाठी सांगतायत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ओळंब्यात नाही हो, भिंत कललीय. बघवेना."

त्यांची ठोकायची सवय आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

दोन वेळा ठोकायचं आणि थांबायचं. ठक-ठक. समोरच्यानं एकदा ठोकून उत्तर द्यायचं. ठक. दोन ठोक्यांचा अर्थ, मी हात घालतोय, तुझा हात मोकळा आहे का? एका ठोक्याचा अर्थ, मोकळा आहे, घाल. समोरच्या गवंड्याकडून हे उत्तर आल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात भिंतीत हात घातला नव्हता. ही पद्धत कुठून आली विचारलं तर ते दर वेळी वेगळं सांगायचे. कारखान्याच्या साइटवर यंत्रांच्या आवाजात ओरडून ऐकू जायचं नाही म्हणून. किंवा, त्यांचे उस्ताद मुके होते म्हणून. एकदा म्हणाले, "माणूस तोंडानं हो म्हणतो तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं. हातानं हो म्हणायला लक्ष इथं लागतं." तिन्ही गोष्टी मला त्या त्या वेळी खऱ्या वाटल्या. आजही यातली खरी कुठली ते मला माहीत नाही.

साइट सुटली तरी सवय सुटली नव्हती. आमच्या दारावर यायचे ते बेल न वाजवता. ठक-ठक. माझी बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची, "आवो काका, दार उघडंच आहे!" ते बाहेरच उभे. तोंडी उत्तर त्यांना चालायचंच नाही. मग ती लाटण्यानं ओट्यावर एकदा ठोकायची की ते चपला काढून आत. मी घरात असलो तर ती मला म्हणायची, "घरात बोलत तर नाही तुम्ही. निदान ठोका तरी."

तर प्रयोगशाळेत. विद्यार्थ्यांनी त्या खोट्या साइटवर पाण्याचं एक पिंप करून दिलं, तेव्हा विटांचा प्रश्न मिटला. कंट्रोलर काही काका धरेनात, म्हणून तो चिकटपट्टीनं त्यांच्या स्वतःच्या थापीला बांधला. हेडसेटला ते टोप म्हणायचे आणि आतून आधी ओला रुमाल लावायचे. भिंतीच्या जागी त्यांच्यापुढे एक खरं लाकडी टेबल होतं. पलीकडे, टोपाच्या आत, रोबोटचा पिवळा हात. हातानं वीट उचलायची, मालावर ठेवायची. काकांनी माल पसरायचा, वीट दाबून दोरीत आणायची. ठेवून झालं की हिरवा दिवा लागे, की आता तुम्ही हात घाला.

काकांनी पहिल्या थराचा माल पसरला. रोबोटनं वीट ठेवली. हिरवा दिवा लागला. काकांनी टेबलावर थापी ठोकली. ठक-ठक. आणि थांबले.

थांबलेच.

"काका, केम अटकी गया? दिवा हिरवा झालाय ना?" मॅडमनी विचारलं.

"रावपुऱ्यातला सिग्नलपण हिरवा होतो, बेन. म्हणून मी डोळे मिटून रस्ता ओलांडू का? याला बोलू दे."

"तो बोलत नाही, काका. मशीन आहे."

"मग याला जावई म्हणायला हरकत नाही," काका म्हणाले. "तोंडानं बोलायचं नाही, सगळं हातात आणून द्यायचं, आणि हा रुसला की कार्य थांबलं."

विद्यार्थी हसले. त्या दिवसापासून रोबोटचं नाव जावई. पण त्या पूर्ण सत्रात काकांनी एकही वीट बसवली नाही. थोड्या थोड्या वेळानं ठक-ठक करत आणि थांबत राहिले. दुसऱ्या वेळीही तेच. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना राहू दे. आपल्याला नाही उपयोगाचे. तुम्हीच समजावून सांगा, तुमचे शेजारी आहेत."

समजावणं मला जमत नाही. कुणाला काही नको म्हणणं तर अजिबात नाही. तिसऱ्या वेळी मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. मी संगणकापाशी बसलो होतो. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात आम्ही एक कळ नेमून ठेवली होती. ती दाबली की रोबोटचा हात जागच्या जागी एक हिसका द्यायचा आणि हेडसेटच्या स्पीकरमधून आवाज यायचा, ठक. सकाळी यंत्रणा तपासण्यापुरती ती कळ होती.

काकांनी ठोकलं. ठक-ठक.

मी कळ दाबली.

टोपाखाली त्यांचा चेहरा अर्धाच दिसायचा. त्या अर्ध्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी घाबरलो. इतका आनंद मी कुणाला दिल्याचं मला आठवत नव्हतं.

"हां! बोलला!" ते म्हणाले. "बोलला जावई!" आणि हात घातला.

त्या दिवशी त्यांनी जी भिंत बांधली, तिच्याकडे मॅडम परत आल्यावर बराच वेळ बघत राहिल्या. सुरुवातीला अजिबात विश्वास नाही, आणि मग एकदम पूर्ण विश्वास. असं आमच्या कुठल्याच माणसात दिसलं नव्हतं. "काय झालं मध्ये?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "सवय झाली असेल."

माझ्या खोटेपणाची एवढीच सुरुवात. त्यानंतर काका आठवड्यातून दोनदा यायचे आणि मी दर वेळी उत्तर द्यायचो. बाहेरून पाहुणे यायचे, मॅडम त्यांना काका आणि जावई यांची जोडी दाखवायच्या. मी कोपऱ्यात डावं बोट त्या कळीवर ठेवून बसलेलो. वाटलं असतं तर कधीही सांगता आलं असतं. सांगितलं नाही ते भीतीनं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण ते पूर्ण खरं नाही. मला ते आवडत होतं. घरी, ऑफिसात, नातेवाइकांत मला कुणी काही विचारलं की माझं उत्तर घशात अडकतं. इथे एक माणूस विचारत होता आणि मी वेळेवर, नेमकं, चूक न होता उत्तर देत होतो. दुपारचा चहा आला तरी उजव्या हातात कप धरून डाव्यानं कळ दाबायचो. ते भिंत बांधत होते आणि मला वाटायचं, पलीकडच्या बाजूनं मी बांधतोय.

रिक्षातून परत येताना ते जावयाचं कौतुक करायचे. "सुरुवातीला बुजरा होता. आता बराबर तालात येतो."

मी रिक्षाबाहेर बघायचो. ते म्हणायचे, "तुम्ही बोलत नाही ते बरंय, भाऊ. गवंडीकामात बोलका माणूस धोक्याचा."

पुढे एका कंपनीनं खरा यांत्रिक हात चाचणीसाठी कॉलेजच्या मागच्या अंगणात आणला. खऱ्या विटा, खरा माल. त्याच्यासमोर उभं करायला मॅडमना एकच माणूस सुचला, आणि अहवालातल्या आकड्यांप्रमाणे तोच बरोबर होता.

त्या सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. विटा आदल्या दिवसापासून भिजत घातल्यात ना, हे त्यांनी पिंपात हात घालून बघितलं. मग यांत्रिक हाताकडे बघून म्हणाले, "हा धाकटा जावई वाटतं."

या हाताला हिरवा दिवा होता, पण माझी कळ नव्हती. तो उत्तर देणार नव्हता. हे तिथल्या लोकांत फक्त मला माहीत होतं. माझा हिशेब असा, की उत्तर येणार नाही, काका हात घालणार नाहीत, नुसते थांबतील. फार तर सगळ्यांची फजिती होईल. तरी सांगावं म्हणून मी त्यांच्याजवळ गेलो. ते चपला काढून नीट एकाला एक लावून ठेवत होते.

"काका," मी म्हणालो.

"बोला, भाऊ."

मॅडम शेजारीच होत्या. कंपनीची माणसं होती. मी म्हणालो, "जपून."

एवढंच. एवढाच शब्द मला सापडला.

माझ्या उजव्या हातात यंत्र थांबवायचं लाल बटण दिलं होतं. समोर टेबलावर माझा लॅपटॉप, बंद. काकांनी माल पसरला. यांत्रिक हातानं वीट उचलली, मालाच्या वर आणली आणि तो क्षणभर थबकला. तेवढ्यात काकांना मालात खडा दिसला. त्यांनी थापी खालच्या थरावर वाजवली. ठक-ठक.

आणि उत्तर आलं.

वीट धरणारा चिमटा हवेच्या दाबावर चालायचा. त्याची झडप मध्येच वाजायची, ठक. तशी ती वाजली. काकांनी खडा काढायला डावा हात घातला.

मी बटण दाबायला हवं होतं. पण दोन ठोके कानावर पडले तसं माझं डावं बोट आपोआप उठलं आणि बंद लॅपटॉपच्या झाकणावर, डाव्या कोपऱ्यात, दाबलं गेलं. तेवढाच वेळ गेला. मग मी बटण दाबलं. तोवर यंत्राचा हात खाली आला होता.

काकांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

चौकशीला तिघं बसले होते. मला विचारलं, "या कामगाराला काही विशेष सवय होती का?"

मी म्हणालो, "होय. ठोकायची सवय होती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी लिहून घेतलं, की कामगारानं दिव्याची सूचना न पाळता, स्वतःच्या जुन्या सवयीनुसार हात घातला. मी सही केली. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चूक माझीच, साहेब. जावई नवा होता, ओळख नव्हती."

दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जायचो. तेव्हाच्या त्यांच्या एका बोलण्याचा अर्थ मला अजून लागत नाही. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून ते छताकडे बघत होते. म्हणाले, "थोरला जावई बरा होता. दुपारच्या चहाच्या वेळी जरा उशिरा बोलायचा, पण बोलायचा."

माझ्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं.

मशीनला चहा कसला? म्हणजे त्यांना कळलं होतं का? उत्तर देणारा माणूस आहे, आणि त्याच्या एका हातात कप आहे, हे सुरुवातीपासून? मग आनंद कसला झाला होता त्यांना, जावई बोलला म्हणून, की कुणीतरी मुद्दाम बोलतंय म्हणून? आणि माहीत होतं तर अंगणात हात का घातला? की काहीच माहीत नव्हतं, आणि चहाच्या वेळी मशीनही सुस्तावतं असं त्यांना आपलं वाटलं? भिंतींशी बोलणाऱ्या माणसाला तेही वाटू शकतं. मी झाकण उचलून धुऊन आणलं.

मग सोसायटीनं ठरवलं, की आवाराच्या मधल्या कडुलिंबाभोवती ओटा बांधायचा. काका म्हणाले, मी बांधतो. सगळे नको नको म्हणत असताना त्यांनी पिंपात विटा भिजत घातल्याही. रविवारी सकाळी आमच्या दारावर ठक-ठक झालं. बायकोनं लाटणं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी चौकटीवर एकदा ठोकलं.

"पलीकडून विटा द्यायला माणूस पाहिजे," ते म्हणाले.

ते झाडाच्या एका बाजूला बसले, मी दुसऱ्या. उजव्या हातानं माल पसरायचे, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी काठ सारखा करायचे. त्यावर वीट ठेवायचं काम माझं. मी वीट उचलून थराच्या वर धरली. त्यांनी थापी वाजवली. ठक-ठक.

आता उत्तर दिलं की ते हात घालणार, हे मला माहीत होतं. मी वीट परत पिंपात सोडली.

"काका, आधी ऐका," मी म्हणालो. "टोपातला जावई उत्तर देत नव्हता. मी देत होतो. कळ दाबून."

ते थापीला लागलेला माल विटेच्या कडेवर पुसत होते. "रोज?"

"रोज."

"आणि अंगणातला?"

"त्याला तुमचं ऐकूच येत नव्हतं. ती झडप वाजली. मला माहीत होतं तो उत्तर देणार नाही म्हणून. मी सांगितलं नाही. चौकशीतही नाही."

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"तिथेच. चार हातांवर. थांबवायचं बटण माझ्या हातात होतं."

"हां," ते म्हणाले. "ते मी बघितलं होतं."

मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही. बघितलं होतं म्हणजे काय? मी आहे हे बघून हात घातला? की बटण दाबायला मला उशीर झाला, ते बघितलं? आयुष्यात एवढं एका दमात मी कधी बोललो नव्हतो, आणि ते संपलं होतं.

मॅडमना मी नंतर सगळं लिहून दिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. काकांचे सगळे आकडे अहवालातून काढले, चौकशीचे कागद पुन्हा उघडायला लावले. आता माझ्याशी त्या कामापुरतंच बोलतात, आणि ते बरोबरच आहे. काका त्या वर्षीच मुलीकडे नंदुरबारला गेले. जाताना आमच्या दारावर आले नाहीत. किंवा आले असतील आणि आम्ही घरी नसू. कोण जाणे.

पण त्या सकाळचं राहिलं. आम्ही दोघे झाडाच्या दोन बाजूंना बसलो होतो. वर कावळे ओरडत होते. कुणीतरी स्कूटर धूत होतं.

"विटा बाहेर काढलेल्या सुकतायत, भाऊ," ते म्हणाले.

मी पिंपातून ओली वीट काढली. पाणी निथळू दिलं. तिला दोन्ही हातांनी थराच्या वर धरलं. त्यांनी थापी वाजवली.

ठक-ठक.

आणि थांबले.

मी वीट डाव्या हातात तोलली, उजव्या हाताच्या पेरानं तिच्यावर एकदा ठोकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, विटेकडेही नाही. ती तीन बोटं सरळ आत घातली, आणि मालातला खडा शोधू लागले. घाई न करता. वीट माझ्या हातात होती, त्या बोटांच्या बरोबर वर, आणि ओली असल्यामुळे जड.